लायका शिकाऱ्याची आणि लायका स्पुटनिकची: दोघींना एकाच पंगतीत बसवायचं का?

रानवाटा (धागालेखक)

नोव्हेंबर उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो हटकून येतो. पट्ट्यांत जखडलेली, अर्धे कान पडलेली लायका, नोव्हेंबर १९५७ मध्ये सोविएत स्पुटनिक २ मधून वर पाठवलेली ती कुत्री, आणि खाली 'मानवजातीसाठी प्राण देणारी पहिली अंतराळवीर'. यंदा आमच्या गटात एकानं त्याला सैबेरियातल्या शिकारी लायका कुत्र्यांचा व्हिडिओ जोडला आणि वर लिहिलं, 'रानापासून अंतराळापर्यंत, हजारो वर्षांची मैत्री'. मला हे 'पासून-पर्यंत' पटत नाही. गटात बोललो तर तीन अंगठे आणि एक हात जोडलेली बाहुली मिळाली, म्हणून इथं लिहितोय.

लायका हे मुळात एकट्या कुत्रीचं नाव नाही. भुंकून शिकार दाखवणाऱ्या उत्तरेकडच्या कुत्र्यांचा तो अख्खा गट आहे. पश्चिम सैबेरियन, पूर्व सैबेरियन, रशियन-युरोपीय आणि कारेलियन-फिनिश अशा चार जाती त्यात मोजतात. पश्चिम सैबेरियन लायका खांती आणि मान्सी लोकांच्या कुत्र्यांपासून आली. तिचं काम असं. कुत्रा माणसाच्या नजरेआड, बराच पुढं रानात हिंडतो. खार, सेबल (ज्याच्या कातड्यापायी रशियानं सैबेरिया पालथा घातला तो) किंवा थोराड रानकोंबडा हुडकतो, झाडावर चढवतो आणि बुंध्याशी उभा राहून भुंकत राहतो. वरच्या जनावराचं लक्ष कुत्र्यावर खिळतं, आणि त्या आवाजाच्या आडोशानं माणूस जवळ येऊन बार टाकतो. समोर अस्वल किंवा मूस हरीण असेल तर कुत्रा थेट अंगावर जात नाही. भोवती फिरत, मागून चावा काढत त्याला जागीच खोळंबवतो. कुठं वळायचं, कधी तोंड उघडायचं, कधी नाद सोडायचा, हे सगळं त्याचं तो ठरवतो. हुकूम द्यायला मालक जवळ असतोच कुठं? आणि संध्याकाळी शिकारीत वाटा मिळतो.

आता मॉस्कोतली लायका. रस्त्यावरून उचललेली, साधारण तीन वर्षांची, सहा किलोच्या आतबाहेर वजनाची. रस्त्यावरचीच का, तर थंडी आणि उपासमार सोसून तगलेली म्हणून. मादीच का, तर मलमूत्र गोळा करायची यंत्रणा मादीला बसवणं सोपं म्हणून. रंग फिका हवा, कारण कॅमेऱ्यात दिसायला हवी. मग दर वेळी आधीपेक्षा लहान पिंजरा, एकेका वेळी वीस-वीस दिवसांपर्यंत. उड्डाणाच्या तीन दिवस आधीच तिला कुपीत बसवून ठेवलं होतं. नाडीचे ठोके एरवी १०३, ते वर जाताना २४० झाले. आणि परतीची सोय त्या यानात नव्हतीच.

धोका दोन्हीकडं आहे, हे मान्य. पण तैगातल्या, म्हणजे सैबेरियाच्या रानातल्या, कुत्र्याचं त्या कामात स्वतःचं काहीतरी आहे. स्पुटनिकमधली कुत्री हे उपकरण होतं. उपकरण म्हणून वापरलं, एकवेळ समजू शकतो. पण मग मैत्रीची गाणी गाऊ नका.

आडवा_तिडवा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. फक्त एक विनंती, रायगडावरच्या वाघ्याला इकडं आणू नका. धागा दोन दिवसांत शंभरी गाठेल आणि लायका बिचारी बाजूलाच राहील.

लाळ्या_खुरकूत

असहमत. मी पशुवैद्य आहे, त्यामुळं 'प्रयोगवाल्यांची बाजू घेणारच' असं कुणी म्हणेल, म्हणोत.

रानवाटा, तुम्ही एका उड्डाणावरून सगळ्या कार्यक्रमाचा न्याय करताय. सोविएत कुत्री लायकाच्या सहा वर्षं आधीपासून वर जात होती. २२ जुलै १९५१ ला देझिक आणि त्सिगान हे दोघं कापुस्तिन यार ह्या सोविएत तळावरून रॉकेटमधून साधारण १०० किलोमीटर उंचीवर गेले आणि हवाई छत्रीनं जिवंत परत आले. त्याच महिन्यात देझिकला पुन्हा पाठवलं, लिसाबरोबर. छत्री उघडली नाही, दोघंही गेले. त्यानंतर त्सिगानला पुन्हा पाठवलंच नाही. मोहिमेतले एक मुख्य शास्त्रज्ञ ब्लागोनरावोव त्याला घरी घेऊन गेले. उपकरणाला कुणी घरी नेतं का?

आणि ह्या कुत्र्यांनी जे दाखवलं त्याचा उपयोग थेट माणसाला झाला. ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का कक्षेत जाऊन एका दिवसानं धडधाकट परतल्या. सोबत ससा, उंदीर, माश्या, रोपं असं सगळं बिऱ्हाड होतं. चौथ्या फेरीत बेल्काला ओकारी झाली. त्यावरूनच गागारीनची मोहीम एका फेरीची ठेवली असं सांगतात. आणि ऑगस्ट १९६१ मध्ये गागारीननंतरचा सोविएत अंतराळवीर तितोव १७ फेऱ्या मारायला गेला तेव्हा त्याला नेमका तोच त्रास झाला. म्हणजे बेल्काचं शरीर खरं बोलत होतं.

तैगातल्या कुत्र्याची संमती कोण घेतं, तेही सांगा. दोन्हीकडं माणूसच ठरवतो. एकाच्या अंगावर बंडी आणि दुसऱ्याच्या अंगावर पांढरा कोट, एवढाच फरक.

मेथीदाणा

लाळ्या_खुरकूत, बेल्का-स्ट्रेल्काची ढाल लायकासमोर धरू नका. ती दोन वेगळी प्रकरणं आहेत.

पहिला स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ ला गेला. जगभर खळबळ उडाली आणि सोविएत नेते ख्रुश्चेव्हना ७ नोव्हेंबरच्या आत आणखी काहीतरी दिपवणारं हवं झालं, क्रांतीचा चाळिसावा वाढदिवस होता ना. खरा वैज्ञानिक उपग्रह तयारच नव्हता. तो पुढं १५ मे १९५८ ला स्पुटनिक ३ म्हणून गेला. म्हणून जेमतेम चार आठवड्यांत घाईघाईनं दुसराच बांधला आणि त्यात कुत्री घातली. परत आणायचं तंत्र विकसित करायला वेळ होता कुठं? ३ नोव्हेंबरला उड्डाण. आतलं तापमान ४० अंशांवर गेलं, आणि काही तासांतच ती गेली. बाहेर मात्र ती कित्येक दिवस जगली, शांतपणे गेली असं सांगत राहिले. खरं काय घडलं ते ऑक्टोबर २००२ मध्ये मालाशेन्कोव ह्या रशियन शास्त्रज्ञानं ह्यूस्टनच्या परिषदेत मांडलं. म्हणजे ४५ वर्षांनी! तिचा देह घेऊन यान एप्रिल १९५८ पर्यंत फिरत होतं, मग वातावरणात जळालं.

तिला तयार करणाऱ्यांपैकी ओलेग गाझेन्को १९९८ मध्ये उघड बोलले की दिवस जातात तसतसं वाईट जास्तच वाटतं, आणि त्या मोहिमेतून कुत्रीचा जीव घ्यावा एवढं काही हाती लागलं नाही. हे कुणा प्राणिमित्र संघटनेचं पत्रक नव्हे, प्रयोग करणाऱ्याचं मत आहे.

माझ्या मते लायकाला विज्ञानानं मारलं नाही, कॅलेंडरनं मारलं.

लाळ्या_खुरकूत

कॅलेंडरचा मुद्दा मान्य. 'काही हाती लागलं नाही' हे मात्र अमान्य, मग ते गाझेन्को म्हणोत. १९५१ पासूनच्या उड्डाणांत वजनरहित अवस्था मिळायची ती काही मिनिटांची. सस्तन प्राणी त्या अवस्थेत तासन्‌तास तग धरतो का, हृदय ताळ्यावर येतं का, ह्याचा विदा (डेटा) जगात कुणाकडंच नव्हता. लायकाचे ठोके खाली आले. जमिनीवरच्या चाचण्यांत लागायचा त्याच्या तिप्पट वेळ लागला, पण आले. तोपर्यंत डॉक्टर मंडळींत रक्ताभिसरण बंद पडेल, गिळता येणार नाही, अशा शंका गंभीरपणे घेतल्या जात होत्या.

मेथीदाणा

हाच विदा तीन वर्षांनी, कुत्री जिवंत परत आणून, मिळालाच की.

लाळ्या_खुरकूत

तीन वर्षं थांबायला कोण तयार होतं तेव्हा?

मेथीदाणा

तेच तर म्हणतेय मी.

माळरान

लायका वाचून गंमत वाटली. आमच्याकडं कारवानी कुत्रा ससा नजरेला पडल्याशिवाय हलत नाही आणि सुटल्यावर तोंडातून आवाज काढत नाही. भुंकणारं शिकारी कुत्रं आमच्या आज्यानं वेशीबाहेर हाकललं असतं. (१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार ती शिकार गुन्हा आहे, हे माहीत आहे. कुणी शिकवू नये.)

उणे_तीस

मी बरीच वर्षं उत्तर फिनलंडमध्ये आहे. शेजारी शिकारी, हापिसातला साहेब शिकारी, माझ्या गाडीचा मेकॅनिक शिकारी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निम्मं गाव रानात असतं. त्यामुळं रानवाटांनी रंगवलेलं चित्र ओळखीचं वाटलं, पण धुतल्या तांदळासारखं वाटलं म्हणून थोडं लिहितो.

इथं लायकाची चुलत भावंडं. तांबूस रंगाचा फिनिश स्पिट्झ हा पक्ष्यांसाठी. १९७९ पासून तो देशाचा राष्ट्रीय कुत्रा आहे. मूस हरणासाठी करडा एल्कहाउंड आणि त्याचे भाऊबंद. अस्वलासाठी काळापांढरा कारेलियन. स्पिट्झच्या भुंकण्याच्या स्पर्धा होतात. पहिल्या नंबराला राजा म्हणतात आणि पेपरात फोटो येतो. चांगला गडी मिनिटाला शंभराच्या वर भुंकतो. पक्षी उडाला तर तो भुंकणं थांबवून मागं धावतो, नव्या झाडाखाली पुन्हा सुरू. भुंकतानाही त्याला एका लयीत राहावं लागतं. मध्येच थांबला की पक्षी सावध होतो.

आता दुसरी बाजू. आज प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो आणि माणूस फोनवर त्याचा ठिपका बघत बसतो. 'मालक मागं राहिला, कुत्रा मोकळा' हे आता अर्धंच खरं. लांडगे दरवर्षी शिकारी कुत्री मारतात, म्हणून काहींना टोकदार खिळ्यांची जाकिटं चढवतात. आणि जो कुत्रा भुंकत नाही त्याचं काय होतं? आज त्याला शहरातलं घर मिळतं. आजोबांच्या काळात गोळी मिळायची. म्हातारे हे लाजून सांगत नाहीत, हवामान सांगावं तसं सांगतात.

माझा खरा आक्षेप पुढचा आहे. तुम्ही म्हणता त्या कामात कुत्र्याचं स्वतःचं काहीतरी आहे. आहेच. रानात सुटल्यावर त्याचा जो आनंद असतो तो खोटा नसतो. पण तो आनंद त्याच्यात आला कुठून? ज्यांना तो नव्हता त्यांची पिल्लंच होऊ दिली नाहीत, अशा शेकडो पिढ्यांतून आला. झोखोव बेटावर, पार सैबेरियाच्या डोक्यावर, साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या स्लेजच्या कुत्र्यांचे अवशेष सापडलेत. तेव्हापासून आपण हेच करतोय. स्पुटनिकवाल्यांनी कुत्रीला तीन आठवड्यांत पिंजऱ्याची सवय लावली. उत्तरेतल्या लोकांनी कुत्र्याची इच्छाच घडवली. ह्यातलं जास्त खोल कोणतं?

तिरपा_डोळा

+१. शेवटचा परिच्छेद भारी.

अवांतर: युधिष्ठिरानं कुत्र्याशिवाय रथात पाय ठेवायला नकार दिला होता. इथं कुत्रीला रथात बसवलं आणि युधिष्ठिर खाली टाळ्या वाजवत थांबले.

लाळ्या_खुरकूत

टाळ्यांचं वाक्य आहे, पण हिशेब चुकीचा. साडेतीन वर्षांच्या आत गागारीन स्वतः गेला. १९६७ मध्ये कोमारोव, १९७१ मध्ये सोयूझ ११ यानातले तिघं, हे सगळे सोविएत अंतराळवीर मोहिमेत मेले. युधिष्ठिर खाली थांबले नव्हते.

तिरपा_डोळा

ते विचारून गेले होते.

रानवाटा

उणे_तीस, प्रतिसाद आवडला. उत्तर देतो.

इच्छा घडवली, म्हणून ती त्याची नाही असं होत नाही. तुमची-माझी कोणती आवड आभाळातून पडली आहे? प्रश्न असा की आज, ह्या क्षणी, कुत्र्याला त्या कामात काही कळतं का, काही वळवता येतं का. तैगातला कुत्रा अस्वलाला सोडून परत येऊ शकतो. तुमच्या गावचा स्पिट्झ कंटाळला तर खारीच्या मागं जाईल आणि माणूस शिव्या घालत शोधेल. १९५१ मध्येही असे प्रसंग घडले होते, ते बघा. स्मेलाया नावाची कुत्री उड्डाणाच्या आदल्या दिवशी पळाली, दुसऱ्या दिवशी सापडली आणि वर गेली. बोलिक पळाला तो परत आलाच नाही. तेव्हा तिथल्याच एका भटक्या पिल्लाला धरून, कसलीही तयारी न करता, बोलिकच्या जागी बसवलं. ते झिब. ते जिवंत परत आलं, ह्यात कौतुक त्याच्या नशिबाचं. पळून जाणं एवढी एकच 'ना' म्हणायची रीत त्या कुत्र्यांना उपलब्ध होती, आणि एकाला ती जमली.

गोळीचा मुद्दा मी टाळणार नाही. तो व्यवहार निष्ठुरच आहे. पण व्यवहार आहे.

ध्रुवपद

ह्या 'व्यवहारा'ची दुसरी बाजू कॅनडाच्या उत्तरेत बघायला मिळते, आणि तीही लायकाच्याच काळात.

इनुइट लोकांचे कुत्रे नुसती स्लेज ओढत नसत. बर्फाखालून सील श्वास घ्यायला येतो ती भोकं वरून बर्फानं झाकलेली असतात, ती वासानं हुडकत. पांढऱ्या अस्वलाला घेरून धरत. वादळात वाट काढत. कुत्रे नाहीत तर शिकार नाही, आणि शिकार नाही तर घरात अन्न नाही. १९५० पासून पुढं सरकारनं ह्या लोकांना वस्त्यांमध्ये आणून बसवलं. वस्तीत मोकळे कुत्रे नकोत असा नियम आला आणि पोलिसांनी कुत्रे गोळ्या घालून मारले. शिकाऱ्याला परत रानात जायला साधनच उरलं नाही. किकिक्तानी सत्यशोधन आयोगाचा अहवाल २०१० मध्ये आला आणि कॅनडा सरकारनं २०१९ मध्ये माफी मागितली. तिथले म्हातारे सांगतात ते ऐकलं की कळतं, तो तोटा त्यांना घरातलं माणूस गेल्यासारखा लागला होता. म्हणजे रानवाटांचा मुद्दा इथं खरा ठरतो.

पण मग स्नोमोबिल आली. तिला उन्हाळ्यात मासे घालावे लागत नाहीत. ग्रीनलंडमध्ये आर्क्टिक वृत्ताच्या वर आजही स्लेज-कुत्र्याशिवाय दुसरी जात न्यायला बंदी आहे, एवढा मान. तरी ह्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत त्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. व्यवहारावर उभं असलेलं नातं, दुसरा स्वस्त गडी मिळाला की असं आटतं.

शिवाय दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेल्या अमुंडसेनला विसरू नका. ग्रीनलंडचेच कुत्रे. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवाकडं निघताना ५२, परतले ११. वाटेत एका तळावर २४ मारले आणि माणसांनी व उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ले. त्या तळाचं नाव त्यांनीच खाटीकखाना ठेवलं. कोणत्या टप्प्यावर किती मारायचे ह्याचा हिशेब निघायच्या आधीच मांडलेला होता. तोच कुत्रा आधी गडी, नंतर शिदोरी. तुमची 'सोबती' आणि 'उपकरण' ही रेघ इथं कुठं मारणार?

रानवाटा

अमुंडसेनचं उदाहरण माझ्या विरोधात जात नाही, उलट मदतच करतं. कुत्रे तेच, जात तीच. बदललं काय? तो शिकारीला निघाला नव्हता, शर्यतीला निघाला होता. ग्रीनलंडचा माणूस कुत्रे खातो तेव्हा दुष्काळ असतो. अमुंडसेननं खाल्ले तेव्हा वेळापत्रक होतं. मेथीदाणाताई लायकाबद्दल जे कॅलेंडर म्हणाल्या ते इथंही आहे. ज्याला तारखेच्या आत कुठंतरी झेंडा रोवायचा असतो त्याच्या हातात कुत्रा गेला, की त्याचं काय होणार हे आधीच लिहिलेलं असतं. तैगातल्या शिकाऱ्याला हाच कुत्रा पुढच्या हिवाळ्यातही लागणार असतो.

ध्रुवपद

म्हणजे 'पुढच्या हिवाळ्यात लागणार' ही तुमच्या मैत्रीची व्याख्या? बरं.

रानवाटा

बऱ्याच माणसांच्या मैत्रीपेक्षा ती टिकाऊ आहे.

जुनी_वही

उशिरा आलो. एक प्रसंग सांगतो जो ह्या दोन्ही लायकांच्या मध्ये कुठंतरी पडतो. लहानपणी लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून स्वस्तात सोविएत पुस्तकं घरी यायची. माझ्या हाती आलेल्यांत बेल्का-स्ट्रेल्का होत्या, स्ट्रेल्काची सहा पिल्लं होती, त्यातली पुशिन्का अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांच्या मुलीला भेट गेली तेही होतं. डिसेंबर १९६० चं अवाक्षर नव्हतं.

१ डिसेंबरला प्चोल्का आणि मुश्का कक्षेत गेल्या. ही मुश्का लायकाच्या वेळी जमिनीवरच्या चाचण्यांत वापरलेली. परत येताना इंजिन नीट चाललं नाही, यान सोविएत हद्दीबाहेर उतरण्याची चिन्हं दिसू लागली. यानात स्फोटकं होती, परक्यांच्या हाती लागू नये म्हणून. ती उडाली. कुत्री आत.

तीन आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, दाम्का आणि क्रासाव्का निघाल्या. ह्या वेळी वरचा टप्पाच फसला, कक्षा गाठलीच नाही, आणि कुपी येऊन पडली ती पूर्व सैबेरियात, पोदकामेन्नाया तुंगुस्काच्या खोऱ्यात. एव्हेंकी लोकांचा मुलूख, म्हणजे खास शिकारी लायकांचं रान. थंडी उणे ४० च्या आसपास. कुत्र्यांना बाहेर फेकणारं आसन चाललं नाही, आणि त्यामुळंच त्या वाचल्या. कुपीबाहेर पडल्या असत्या तर गोठून मेल्या असत्या. आत साठ तासांनी उडणारा स्फोटकही होता. शोधपथक बर्फातून पोचलं तेव्हा तो उडालेला नव्हता, पण का उडाला नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं त्या कुपीजवळ गेली आणि त्यांनी तारा सोडवल्या. उंदीर मेले होते. कुत्री जिवंत होत्या. त्यातली एक गाझेन्कोंनी घरी नेली आणि ती त्यांच्याकडं बरीच वर्षं जगली.

आता ही माणसं उपकरण वाचवायला गेली होती की कुत्री? दोन्ही. सरकारला कुपी हवी होती. पण त्या थंडीत, उडू शकणाऱ्या गोळ्याजवळ पाय टाकताना त्यांच्या डोक्यात फक्त कुपी होती, असं मला वाटत नाही. रानवाटा, तुमची रेघ संस्थेला लागू पडते. तिथं काम करणाऱ्या माणसांना सरसकट लावू नका. कुत्र्यांच्या उड्डाणांचे डॉक्टर याझ्दोव्स्की ह्यांनी लायकाला उड्डाणाआधी घरी नेऊन पोरांबरोबर खेळू दिलं होतं.

मेथीदाणा

आणि मग परत आणून कुपीत बसवलं. जुनी_वही, प्रसंग सुंदर सांगितलात, पण ह्या घरी नेण्याचं मला कौतुक वाटत नाही. उलट त्यानं जास्तच त्रास होतो. ज्याला माहीत होतं की ही परत येणार नाही, आणि जिचा लळा लागला होता, त्यानंही 'नको' म्हटलं नाही. कुत्र्यांवरच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध शास्त्रज्ञ पाव्हलोव्हनी १९३५ मध्ये लेनिनग्राडच्या आपल्या संस्थेत प्रयोगातल्या कुत्र्यासाठी स्मारक उभारलं, ते ह्याच परंपरेतलं. मॉस्कोत लायकाचं उभं राहिलं २००८ मध्ये. पुतळे उभारायला कुणाची हरकत नसते.

आडवा_तिडवा

पुतळ्यांवर आलात? मी वाघ्याबद्दल आधीच हात जोडले होते.

तिरपा_डोळा

आपल्या इस्रोनं बरं केलं. गगनयानाच्या तयारीत कुत्रं नाही, माकड नाही, व्योममित्रा नावाची यंत्रमानवी. साठ वर्षांत माणूस सुधारला म्हणायचा.

लाळ्या_खुरकूत

व्योममित्राला ओकारी होत नाही आणि तिची हाडं झिजत नाहीत. कंप, दाब, हवा, तापमान मोजायला ती उत्तम. शरीराचं काय होतं ते आता माहीत आहे म्हणून तिच्यावर भागतं. आणि ते माहीत कसं झालं, ह्यावरच तर आपण सकाळपासून भांडतोय.

आता मेथीदाणांना एक शेवटचं उदाहरण. फेब्रुवारी १९६६, कॉसमॉस ११०, वेतेरोक आणि उगोल्योक. २२ दिवस कक्षेत, आणि जिवंत परत. स्नायू खंगलेले, अंगातलं पाणी आणि कॅल्शियम कमी झालेलं, नीट उभं राहता येईना. इतके दिवस सलग अंतराळात राहायला माणसाला जून १९७१ उजाडावं लागलं. ह्या मोहिमेत घाई नव्हती, वर्धापनदिन नव्हता, परतीची पूर्ण सोय होती. हिला तुम्ही कॅलेंडर कसं म्हणणार?

मेथीदाणा

त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर १९६५ मध्ये, अमेरिकेच्या जेमिनी ७ मधून दोन माणसं चौदा दिवस राहून आली होती. स्वतःहून गेलेली, बोलता येणारी, काय दुखतंय ते सांगणारी. कुत्र्यांची पाळी तेव्हाच संपली होती.

लाळ्या_खुरकूत

चौदा आणि बावीसमध्ये फरक आहे. जून १९७० मध्ये सोयूझ ९ चे दोघं अठरा दिवसांनी परतले तेव्हा त्यांना यानातून उचलून काढायची वेळ आली. कुत्र्यांच्या अंगावर चार वर्षं आधी हेच दिसलं होतं.

मेथीदाणा

मग वेतेरोक-उगोल्योकनी सांगितलेलं ऐकलं कुणी? ऐकलं असतं तर सोयूझ ९ ची तशी गत झाली नसती. पाठवायची, मोजायची, आणि फाइल कपाटात. हा कुठला उपयोग?

लाळ्या_खुरकूत

सोयूझ ९ नंतर सल्यूत १ ह्या अंतराळस्थानकात पळण्याचा पट्टा बसवला, ओढ देणारे पोशाख दिले. उशिरा ऐकलं, पण ऐकलं. तुमचं भांडण फाइल कपाटात ठेवणाऱ्यांशी आहे, कुत्र्यांवरच्या प्रयोगाशी नाही.

मेथीदाणा

प्रयोग तेच लोक करतात हो. दुसरे कुठून आणायचे?

उणे_तीस

ह्या दोघांचं मिटेल असं वाटत नाही. रानवाटा, तुमच्या त्या व्हॉट्सअ‍ॅप गटातला शिकारीचा व्हिडिओ असेल तर इथं डकवा. त्यातला कुत्रा करडा आणि शेपूट पाठीवर घट्ट वळलेली असेल तर तो सैबेरियन नसून बहुतेक आमच्याकडचा एल्कहाउंड आहे. अशा व्हिडिओंवर लोक सर्रास लायका म्हणून लिहितात.